घरात सोयाबीन, डोक्यावर शेकडा तीन

वाचकाचं पत्र, थोडक्यात: लातूर जिल्ह्यातले एक शेतकरी, वय चाळिशीच्या आत. सहा एकर जमीन, एक विहीर, तिला फेब्रुवारीपर्यंत पाणी. खरिपात सगळं सोयाबीन, अधूनमधून तूर. सप्टेंबर २०२५ च्या पावसात तूर मर लागून गेली आणि एरवी ४२ क्विंटलपर्यंत होणारं सोयाबीन २७ क्विंटलवर आलं. खर्च मात्र १ लाख ३२ हजार झाला. त्यातलं १२ क्विंटल ओलं-डागी सोयाबीन दिवाळीआधी ३,८०० नं दिलं. वाळवून चाळलेलं १५ क्विंटल घरात आहे. आज गावात त्याला ४,२०० मागतात, पण ‘सहा हजार झाल्याशिवाय काढायचं नाही’ असं यांनी ठरवलंय. गावच्या सेवा सोसायटीचं पीककर्ज १ लाख २० हजार, कृषी सेवा केंद्राची उधारी ४६ हजार, आणि बहिणीच्या लग्नात सावकाराकडून शेकडा तीननं, म्हणजे महिन्याला तीन टक्क्यांनी, घेतलेले ८० हजार. तो सावकार आता म्हणतो, ‘एक एकर माझ्या नावावर करून दे, पैसे दिले की परत करतो.’ वडील म्हणतात, त्यापेक्षा एक एकर विकून मोकळं होऊ. मित्र म्हणतात, कर्जमाफी येतेय, सोसायटी भरू नको. मेहुणा म्हणतो, ऊस लाव. तीन एकरांत हरभरा उभा आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘शेतीनं बुडवलं. रात्री झोप लागत नाही. सावकाराचं घरात कुणाला पूर्ण माहीत नाही, बायकोलाही नाही. भाव कधी वाढेल तेवढं सांगा.’

भाऊ,

भाव कधी वाढेल हे मी सांगणार नाही. जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. सोयाबीनच्या एका क्विंटलातून साधारण १८ किलो तेल निघतं, बाकीची बहुतेक पेंड. म्हणजे तुमच्या मोंढ्यातला भाव तेल आणि पेंड या दोन बाजारांवर ठरतो, आणि दोन्ही तुमच्या हातात नाहीत. खाद्यतेल आपण निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. मे २०२५ च्या शेवटी केंद्र सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० वर आणलं. पेंडीचं म्हणाल तर इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारी मक्या-तांदळाची पेंड आता कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळते, त्यामुळे सोयापेंडीची मागणी दबली. वर ब्राझील आणि अमेरिकेचं पीक. वायद्यावरून, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांच्या भावावरून, अंदाज घ्यावा तर सोयाबीनचे वायदे सेबीनं डिसेंबर २०२१ मध्येच थांबवले. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात भाव दहा हजारांवर गेला होता, तो तुम्ही पाहिलाय, मराठवाड्यातल्या घराघरानं पाहिलाय. तो आकडा डोक्यातून जात नाही हे मला कळतं. पण तेव्हाही भाव चढल्यावर पेंड आयातीला परवानगी मिळाली आणि नवा माल येईपर्यंत बाजार खाली आला. त्या एका वर्षाच्या आठवणीवर आजचं सोयाबीन कोंडून ठेवू नका.

पत्रात तुम्ही ‘भाव’ हा शब्द पुन्हा पुन्हा लिहिलात, पण तुमचा स्वतःचा भाव कुठं लिहिला नाहीत. म्हणजे एक क्विंटल सोयाबीन तुम्हाला घरात कितीला पडतं, तो आकडा. तुमच्याच हिशोबावरून काढू. १ लाख ३२ हजार भागिले २७, म्हणजे ४,८८९ रुपये. हेच पीक ४२ क्विंटल झालं असतं तर ३,१४३ रुपये. (उतारा कमी असला की मळणी आणि हमाली थोडी कमी लागते, तेवढा फरक धरा.) मोंढ्यातला ४,२०० चा भाव दोन्हीकडे तोच. एका वर्षी क्विंटलला हजारभर हातात राहतात, दुसऱ्या वर्षी सातशेच्या आसपास खिशातून जातात. म्हणजे या वर्षी भावापेक्षा उताऱ्यानं तुम्हाला जास्त मारलं. उतारा पावसानं गेला, त्यात तुमचा दोष नाही. पण उपाय शोधताना नुसतं भावाकडं तोंड करून बसलात तर हाताशी काहीच लागणार नाही.

आता दुसरा आकडा. सावकाराचं ८० हजाराचं व्याज वर्षाला २८,८०० होतं. या वर्षीच्या २७ क्विंटलांवर ते वाटलं तर क्विंटलमागे १,०६७ रुपये. भाऊ, तुम्ही लिहिलंत, शेतीनं बुडवलं. हे कर्ज बियाण्याचं नाही, खताचं नाही, बहिणीच्या लग्नाचं आहे. लग्नात भावानं हात आखडता घ्यायला हवा होता असं मी म्हणणार नाही, ते तुमच्या घरचं आहे आणि झालं ते योग्यच झालं असेल. पण लग्नाचं व्याज तुम्ही सोयाबीनच्या खात्यावर टाकता आणि मग सोयाबीन तोट्यात दिसतं. घरखर्च आणि शेतीखर्च एकाच खिशातून झाला की हेच होतं. उद्या सोयाबीन सोडून दुसरं काही लावलंत तरी हे व्याज त्या पिकालाही खाणार.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं, माल ठेवू की विकू याचं, उत्तर या व्याजात आहे. ४,२०० चा एक क्विंटल आज विकून ते पैसे सावकाराला दिले तर महिन्याला १२६ रुपये व्याज वाचतं. न विकता ठेवलंत तर भाव दर महिन्याला १२६ नं वाढला पाहिजे, तेव्हा कुठं तुम्ही आज आहात तिथंच राहाल. सहा महिन्यांत ७५६ रुपये. म्हणजे जूनमध्ये ४,९०० मिळाले तर गावात तुम्ही ‘थांबलो म्हणून सातशे कमावले’ असं सांगाल, आणि प्रत्यक्षात नुकसानीत असाल. त्यात वाळून येणारी घट, उंदीर, भरण्या-उतरवण्याची हमाली वेगळी. ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही तो माल ठेवू शकतो. ज्याच्यावर सोसायटीचंच कर्ज आहे तोही थोडा थांबू शकतो. शेकडा तीनचं कर्ज असताना घरात ठेवलेलं सोयाबीन म्हणजे ३६ टक्क्यांनी पैसे काढून सोयाबीनवर लावलेला सट्टा आहे.

तरीही मन होत नसेल, भाव वाढला तर हातचं जाईल असं वाटत असेल, तर मधला रस्ता आहे आणि तो तुमच्यासारख्यांसाठीच काढलेला आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, बाजारभाव आणि हमीभाव यांतला जो कमी त्या हिशोबानं ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, वर्षाला ६ टक्के व्याज, मुदत १८० दिवस. तुमच्या १५ क्विंटलांची आजची किंमत ६३ हजार, त्याचे ७५ टक्के ४७,२५०. सहा महिन्यांचं व्याज चौदाशेच्या आसपास. हेच ४७,२५० सावकाराकडे सहा महिने राहिले तर ८,५०५. माल तुमचाच राहतो, भाव वाढला तर फायदा तुमचा. सगळ्या समित्या ही योजना सारख्या तत्परतेनं राबवत नाहीत, म्हणून आधी सचिवांना भेटून गोदामात जागा आहे का, या हंगामात तारण चालू आहे का, ते विचारा. नसेल तर राज्य वखार महामंडळाच्या गोदामात ठेवून पावतीवर बँकेकडून कर्ज मिळतं, त्याचा दर थोडा जास्त असतो. दोन गोष्टी सांभाळा. मालाचा ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा आणि डागी दाणा वेगळा काढलेला हवा, नाहीतर माल गोदामाच्या दारातून परत येतो. आणि १८० दिवसांची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. मुदत उलटली की व्याज चढतं.

तारणाचा पैसा हातात आला की तो सावकाराकडेच गेला पाहिजे. घराकडं येताना वाटेत कृषी केंद्र लागतं, तिथं थांबू नका.

सावकाराला एक एकर ‘नावावर करून देण्या’बद्दल मात्र मी तुम्हाला पर्याय देत बसणार नाही. करू नका. तुम्ही त्याला तारण समजताय, कागद त्याला विक्री म्हणेल. परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल तर कायदा त्याला गहाण मानत नाही. चहाच्या टपरीवर दिलेल्या शब्दाची सातबाऱ्यावर नोंद होत नाही. मराठवाड्यात कितीतरी जमिनी अशाच गेल्या आहेत, दहा एकरांच्या मानानं चिल्लर वाटणाऱ्या रकमेपायी. तुम्हाला हेही माहीत असायला हवं की महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवाना नसताना व्याजानं पैसे देणं गुन्हा आहे, आणि परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तुम्ही ३६ देताय. अवैध सावकारीत गेलेली जमीन परत मिळवून देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे, मागच्या १५ वर्षांपर्यंतच्या व्यवहारांसाठी. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे होते.

लगेच तक्रार करा असं मी म्हणत नाही. एकाच गावात राहायचं असतं, माणूस रोज समोर येतो, हे मी जाणतो. पण बोलणी करताना कायदा तुमच्या बाजूनं आहे हे माहीत असलं की आवाज वेगळा येतो. आतापर्यंत किती दिले त्याची टिपण काढा. यापुढचा प्रत्येक रुपया खात्यातून द्या, रोख नको. ‘मुद्दल एकरकमी बरंच देतोय, व्याज इथं थांबवा’ असं गावातल्या एका वजनदार माणसाला बरोबर घेऊन बोला. कोरे धनादेश, सह्या केलेला मुद्रांक असं काही दिलं असेल तर शेवटचा हप्ता देताना ते हातात घेतल्याशिवाय उठू नका. आणि जमिनीसाठी दबाव वाढला, धमकी आली, तर मग मागंपुढं न बघता उपनिबंधकांकडे जा.

तारणानंतर सावकाराचे साधारण ३३ हजार उरतील. घरात सोनं असेल तर बँकेत सोनेतारण वर्षाला दहा-बारा टक्क्यांच्या आसपास मिळतं. छत्तीसचं कर्ज बारावर आणणं हे चांगलं काम आहे, फक्त त्यासाठी वहिनींना सांगावं लागेल. आणि ते सोन्यासाठी नाही, तसंही सांगायलाच हवं.

तुम्ही त्यांना त्रास होऊ नये म्हणून लपवलंत, हे कळतं. पण घरातला निम्मा खर्च त्यांच्या हातून होतो. आकडा माहीत नसताना त्या पोरांच्या कपड्यांना हो म्हणतात, माहेरच्या लग्नात आहेर करतात, आणि तुम्ही मनातल्या मनात कुढता. शिवाय सावकाराचा माणूस एक दिवस दारात येईल आणि त्यांना ते परक्याच्या तोंडून कळेल. मुलं झोपल्यावर वही काढा आणि सगळे आकडे समोर मांडा: सोसायटी, केंद्र, सावकार, घरातला माल, उभा हरभरा. एकूण देणं २ लाख ४६ हजार आहे. डोक्यात ते दहा लाखांसारखं फिरतं, कागदावर २ लाख ४६ हजारच दिसतं. झोप लागत नाही हे तुम्ही लिहिलंत ते मी वाचून पुढं गेलो नाही. विचार फारच काळे व्हायला लागले, जीव नकोसा वाटला, तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं. हे पत्र वाचणाऱ्या आणखी कुणाला त्याची गरज असेल तर त्यांनीही लिहून घ्यावा.

आता सोसायटी. ‘कर्जमाफी येतेय, भरू नको’ हे सांगणारे तुमचे मित्र वाईट नाहीत, बहुतेक तेही भरत नसतील. ऑक्टोबर २०२५ च्या आंदोलनानंतर सरकारनं ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं सांगितलं होतं, त्यामुळे आशा वाढली. पण मागच्या दोन माफ्यांच्या तारखा बघा. २०१७ च्या जूनमध्ये जाहीर झालेली माफी ३० जून २०१६ ला थकलेल्या कर्जांसाठी होती. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेली ३० सप्टेंबर २०१९ च्या थकबाकीसाठी. दोन्ही वेळा तारीख मागची धरली. म्हणजे माफी येणार हे ऐकून त्यानंतर जे थकवायला बसले, ते त्यात बसलेच नाहीत. यावेळी कसं होईल यावर पैज लावू नका. थकलात तर काय जातं ते मात्र नक्की माहीत आहे: मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्यानं पडतं. थकलं की ती सवलत गेली, दंडव्याज आलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जूनमध्ये नवीन कर्ज बंद. मग बियाण्याला पैसे कुठून आणणार? पुन्हा शेकडा तीन. नियमित फेडणाऱ्यांना २०१७ मध्ये २५ हजारांपर्यंत आणि त्यानंतरच्या योजनेत ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम ठरली होती, तेही विसरू नका.

भरायचं कशातून? तुम्ही पत्रात हरभरा एका ओळीत उडवलात, पण तुमच्या हातातला सगळ्यात मोठा पैसा तोच आहे. तीन एकरांत एकरी पाच क्विंटल धरले तरी १५ क्विंटल होतात. २०२५-२६ च्या रब्बीतल्या हरभऱ्याला हमीभाव ५,८७५ ठरला. बाजारात त्याहून कमी मिळाले आणि काढणी-मळणी वजा केली तरी सत्तर हजारांच्या आसपास हाती यावेत. तो पैसा आजच सोसायटीच्या नावानं बाजूला काढा. हमीभाव केंद्रावर देता यावा म्हणून रब्बीची ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची सातबाऱ्यावरची नोंद, झाली आहे ना ते मोबाइलवर आताच तपासा. नोंद नसली की केंद्रावर नावच लागत नाही, आणि त्यावेळी तलाठ्यामागं फिरून काही होत नाही. उरलेल्या पन्नास हजारांसाठी सोसायटीच्या गटसचिवांना आत्ताच भेटा, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नाही. अतिवृष्टीत तुमचं महसूल मंडळ बाधित असेल, पैसेवारी (गावच्या पिकाचा सरकारी अंदाज) पन्नासच्या आत असेल, तर कर्जाचं पुनर्गठन होऊ शकतं. म्हणजे हप्ते पडतात, खातं थकबाकीत जात नाही, नवीन पीककर्जाला वाट राहते. ते जमत नसेल तर गावात चालतं तसं नवं-जुनं, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलणं, करावं लागेल, चार दिवस कुणाकडून तरी हातउसने घेऊन. तेही फक्त एका अटीवर: नवीन रक्कम किती दिवसांत सुटेल हे बँकेनं आधी सांगितलं पाहिजे. आणि ते उसने या सावकाराकडून घ्यायचे नाहीत.

पुढच्या खरिपाचं बोलू, कारण खर्च कमी करण्याची वेळ पेरणीनंतर येत नाही, आधी येते. तुम्हाला एकरी २२ हजार लागले. त्यातली काढणी, नांगरट, मजुरी फारशी कमी होणार नाही. पण बियाणं, खत आणि फवारणी यांत एकरी दोन हजार वाचले तर सहा एकरांचे बारा हजार, ४२ क्विंटलांवर क्विंटलमागे २८६ रुपये. मोंढ्यात २८६ नं भाव चढावा म्हणून तुम्ही तीन महिने थांबायला तयार आहात. इथं तो जूनमध्येच मिळतो.

सोयाबीन स्वपरागित पीक आहे, घरचं बियाणं दोन-तीन वर्षं चालतं, दरवर्षी पिशवी घ्यायची गरज नसते. यंदा अडचण अशी की पावसात भिजलेल्या दाण्याची उगवण कमी असणार, म्हणून डोळ्यांनी ठरवू नका. तुमच्या १५ क्विंटलांतलं जे चांगलं वाळलेलं आहे त्यातलं दोन क्विंटल तारणाला नेऊ नका, बाजूला काढा; वरच्या हिशोबात तारणाची रक्कम तेवढी कमी धरा. मे महिन्यात गोणपाटाचा तुकडा ओला करा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडा, वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. पाच-सहा दिवसांनी उघडून मोजा. लांब, सरळ मोड आलेले धरायचे, नुसते फुगलेले किंवा बुरशीचे धरायचे नाहीत. सत्तर आले तर एकरी तीस किलोनं पेरा. साठ आले तर बियाणं थोडं वाढवा. त्याच्या खाली असेल तर ते बियाणं मोंढ्यात द्या आणि विकत घ्या. ही गुंडाळी वहिनींकडं किंवा पोरांकडं सोपवा, ते तुमच्यापेक्षा नीट मोजतील. ठेवताना थप्पी उंच लावू नका, पोतं आपटू नका, सोयाबीनचं साल पातळ असतं.

खताचं म्हणाल तर सोयाबीनला एकरी साधारण १२ किलो नत्र, २४ किलो स्फुरद, १२ किलो पालाश लागतं. डीएपीच्या एका पोत्यात, २०२५ मध्ये १,३५० रुपयांना मिळणाऱ्या, ९ नत्र आणि २३ स्फुरद येतं. वीस किलो पोटॅश जोडलं की झालं. डीएपी नाही मिळालं तर सिंगल सुपर फॉस्फेट घ्या, त्यात गंधकही येतं, तेलबियाला ते हवंच. पिवळं दिसलं म्हणून नंतर टाकलेलं युरियाचं पोतं बहुतेक वेळा वाया जातं. मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र घेतात, त्यासाठी पेरताना बियाण्याला रायझोबियम हे जिवाणू खत लावलं की पुरतं. खताबरोबर ‘हे टॉनिक घ्यावंच लागेल’ असं लिंकिंग कुणी केलं तर पक्की पावती मागा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवा. उधारीवर घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, हीच खरी गोम आहे. उधारीचा भाव आणि रोखीचा भाव यांतला फरक एकदा केंद्रवाल्याला सरळ विचारा. मागचे ४६ हजार हप्त्यानं देतो असं सांगून ते वेगळे ठेवा आणि नवीन खरेदी, थोडी का होईना, सोसायटीच्या पैशातून रोखीनं करा.

विमा भरा. रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला, आता संरक्षित रकमेच्या दोन टक्के भरावे लागतात, म्हणून यंदा पुष्कळांनी सोडून दिला. संरक्षित रक्कम हेक्टरी ५८ हजार असेल तर ११६० रुपये होतात. भरपाई मंडळाच्या पीक कापणी प्रयोगावर ठरते, त्यामुळे एकट्या तुमच्या शेतात नुकसान झालं तर मिळेलच असं नाही, हे धरून चला. पण पूर्ण मंडळ बुडतं त्या वर्षी तोच एक आधार असतो. पीएम-किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला बारा हजार येतात. ते किराण्यात मिसळू देऊ नका, विम्याचा हप्ता आणि बियाण्याची तूट त्यातून भागवा. आणि सहाच्या सहा एकर सोयाबीन नको. दर चार-सहा ओळींमागे तूर घ्याच, पण पाणी निघून जाईल अशा रुंद वरंब्यावर. या वर्षी तूर पाणी साचून गेली, पीक चुकीचं नव्हतं.

ऊस नको. भाव ठरलेला असतो म्हणून मोह होतो, २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान भाव, टनाला ३,५५० होती, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. पण तुमची विहीर फेब्रुवारीत आटते आणि उसाला खरं पाणी त्यानंतर लागतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणलं, तेव्हा उभे ऊस जळालेले तुम्ही पाहिलेत. मेहुण्याच्या शेताला कालवा असेल तर त्याचं त्याला बरोबर आहे.

राहिले वडील. एक एकर विकण्याचा त्यांचा सल्ला तुम्हाला लागला असावा, पत्रात तसं दिसतं. पण ते अडाणीपणानं बोलत नाहीत. छत्तीस टक्क्यांनी जमीन हळूहळू जाण्यापेक्षा आपल्या हातानं एकदाच दिलेली बरी, हा हिशोब चुकीचा नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की आज ती वेळ नाही. खरं जाळणारं कर्ज ८० हजाराचं आहे, आणि तारण, थोडं सोनं व बोलणी यांतून ते विझण्यासारखं आहे. एक एकर विकलंत तर देणं फिटून वर पैसा उरेल, आणि असा उरलेला पैसा घरात टिकत नाही. येत्या दिवाळीपर्यंतची मुदत वडिलांसमोर बसून ठरवा. तोवर सावकाराचं मुद्दल निम्म्यावरही आलं नसेल तर वडिलांचं ऐका. पण मग विक्री उघडपणे करा: दोन-तीन गिऱ्हाइकं बघून, चालू भावानं, रक्कम पूर्ण खात्यावर घेऊन, आणि सावकार सोडून दुसऱ्या कुणाला.